माय गेल्यावर प्रबंध कसा लिहायचा: दुःख कुठं मांडायचं आणि कुठं नाही

मागच्या महिन्यात एका ज्युनिअर पोरीचा मेसेज आला, परभणीकडची आहे. तिचे वडील गेले आणि तिसऱ्याच आठवड्यात गाईडनी विचारलं की तिसरं प्रकरण कधी देणार. तिचा प्रश्न असा की ताई, वडलांचं प्रबंधात लिहिलं तर चालतं का, की ते रडगाणं वाटतं? मी तिला सात-आठ व्हॉइस नोट पाठवल्या आणि मग म्हटलं हे नीट लिहूनच काढावं, कारण माझ्यावर ही वेळ आली तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं, जे होते ते दोनच गोष्टी सांगायचे, एक तर "ऋणनिर्देशात दोन ओळी टाक आणि पुढं हो", नाहीतर "संशोधनात भावना आणायच्या नसतात".

माझं थोडक्यात सांगते. गाव अंबाजोगाईजवळ, पीएचडी मराठीत, विषय आमच्या भागातल्या जात्यावरच्या ओव्या. रेकॉर्डिंगची सुरुवातच मायपासून केली होती, घरचीच होती, लाजायची नाही, आणि तिला ओव्या किती येतात हे मलाच माहीत नव्हतं. काम अर्ध्यावर असताना ती गेली. त्यानंतर प्रबंध पूर्ण व्हायला जे काय काय करावं लागलं त्यातलं जे उपयोगी पडलं तेच खाली लिहितेय. एमएच्या डेझर्टेशनला पण चालेल. सायन्सवाल्यांना पद्धतीच्या प्रकरणाचा भाग फारसा लागणार नाही पण पहिली पायरी सगळ्यांना लागते.

पायरी १: आधी कागदं

लिहायला बसायच्या आधी ऑफिसची कामं उरका, हे ऐकायला कोरडं वाटतं पण नंतर तेच वाचवतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या पीएचडी नियमांप्रमाणे किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६ वर्षं मिळतात, त्यानंतर री-रजिस्ट्रेशन करून आणखी २ वर्षं मिळू शकतात, आणि बायकांना व ४० टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यावर अजून २ वर्षांची सूट आहे. तुमचं रजिस्ट्रेशन त्याआधीचं असेल तर त्या वेळचे नियम बघा, विभागात विचारा, मित्रानं सांगितलं म्हणून धरून चालू नका. प्रगती अहवालात "वैयक्तिक कारणास्तव" असलं मोघम लिहू नका. "अमुक तारखेला आईचे निधन झाल्याने दोन महिने क्षेत्रकार्य थांबले" असं सरळ लिहा, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर कागद बोलतो. गाईडला पण तोंडी सांगून वर एक ईमेल टाका. गाईड चांगले असले तरी टाका.

दुसरं, बॅकअप. ज्याचं दुःख आहे त्याचा आवाज, अक्षर, फोटो तुमच्या संशोधन सामग्रीत असेल तर तीन जागी ठेवा, एक पेनड्राइव्ह घरात, एक कॉपी ऑनलाइन आणि एक दुसऱ्या माणसाकडं. माझी पहिली ४७ रेकॉर्डिंग ज्या मोबाइलवर होती तो नंतर बसमध्ये विसरला, लातूरला उतरल्यावर लक्षात आलं. कॉपी होती म्हणून हे सगळं लिहायलेय.

पायरी २: दोन वह्या

एका वहीत संशोधन, दुसऱ्या वहीत बाकी सगळं. दुसरी वही कुणालाच दाखवायची नाही, गाईडला तर नाहीच. पण तिच्यात सुद्धा तारीख, वेळ, जागा टाकायची, कारण नंतर त्यातली एखादी नोंद प्रबंधात घ्यायची वेळ येते आणि तेव्हा "एकदा कधीतरी" असं लिहिता येत नाही. माझी एक नोंद अशी आहे: "नागपंचमी. दुपारी ३. बस स्टँडवरून घरी चालत. कुलूप. किल्ली शेजारच्या काकूंकडे. काकू म्हणल्या काहून आलीस गं, फोन तरी करायचा. ओट्यावर बसले. ती पंचमीची ओवी आठवली, चालीसकट." बास, एवढंच. त्यात मला काय वाटलं ते एक अक्षर नाही आणि नंतर सगळ्यात जास्त कामाला आली ती हीच नोंद, आणि "आज खूप रडू आलं" वाली पानं, जी वीसेक तरी असतील, त्यातलं एक वाक्य पण प्रबंधात गेलं नाही. ती पानं वाया गेली असं नाही, ती लिहिली म्हणून रात्री झोप लागायची.

आणि हो, लिहून सुद्धा झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, जगण्यातच राम वाटत नसेल तर वही पुरणार नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर २४ तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फोन करायची लाज वाटते हे मला माहितीय, मलाही वाटली होती.

पायरी ३: या दुःखाला प्रबंधात काही काम आहे का ते बघा

हीच मुख्य पायरी, बाकीच्या घाईत वाचल्या तरी चालतील.

माझ्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या आराखड्यात, एक वाक्य होतं, "या ओव्यांतून माहेराचे गौरवीकरण आढळते." कुठल्याही प्रबंधात सापडेल असं वाक्य. आमच्या संग्रहात मुराळीच्या ओव्या बऱ्याच आहेत, मुराळी म्हणजे सणाला लेकीला सासरहून न्यायला येणारा, बहुतेक वेळा भाऊ. मी त्या सगळ्या "माहेर-गौरव" या खान्यात टाकून मोकळी झाले होते. मग माय गेली, भाऊ चाकणला कंपनीत, त्याला पंचमीची सुट्टी नाही, आणि मी ते कुलूप बघितलं. ओट्यावर बसल्या बसल्या एकदम लक्षात आलं की या ओव्यांत मुराळी येतोय असं कुठं म्हणलंय, बाई तर वाटेकडं बघायलीय! मी ज्याला गौरव म्हणत होते ती तक्रार होती.

हे असं घडतं हे जगभरच्या अभ्यासकांनी लिहून ठेवलंय. रेनाटो रोझाल्डो नावाचे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ फिलिपिन्समधल्या इलोंगोट लोकांचा अभ्यास करत होते. ती माणसं इतरांची मुंडकी का मारायची, तर त्यांचं उत्तर एका ओळीचं, दुःखातून राग येतो म्हणून. रोझाल्डोंना हे उत्तर कितीतरी वर्षं फार साधं वाटलं, ते त्याच्यामागं काहीतरी खोल सिद्धांत शोधत राहिले. १९८१ साली फिलिपिन्समध्येच क्षेत्रकार्य करताना त्यांची बायको मिशेल कड्यावरून घसरून गेली, ती पण मानववंशशास्त्रज्ञच होती, आणि तेव्हा स्वतःच्या आत आलेला राग बघून त्यांना ते एका ओळीचं उत्तर कळलं. त्यांनी हे सगळं स्वतःच्या लेखात मांडलं, आणि तो लेख आज पद्धतीशास्त्राच्या वर्गात शिकवतात. यात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की बायकोचा मृत्यू त्या लेखात सहानुभूतीसाठी आलेला नाही, इलोंगोट लोकांचं म्हणणं आधी का कळलं नाही आणि नंतर का कळलं हे सांगायला आलाय.

मग तुमच्यासाठी चाचणी अशी: दुःखाचा तो परिच्छेद प्रबंधातून काढून टाका आणि पुढची दहा पानं वाचा. त्या पानांतला एखादा अर्थ, एखादं वर्गीकरण आता विनाकारण हवेतून आल्यासारखं वाटतंय का? वाटत असेल तर परिच्छेद परत ठेवा. काहीच फरक पडत नसेल तर त्याची जागा मनोगतात आहे. त्यात कमीपणा काही नाही, माझ्या एका मैत्रिणीचा विषय सहकारी पतसंस्था होता आणि तिचा भाऊ अपघातात गेला, तिनं फक्त अर्पणपत्रिकेवर त्याचं नाव टाकलं आणि ते पान मला आजही तिच्या सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त लक्षात आहे.

पायरी ४: वाटलं ते तपासा

ओट्यावर काय सुचलं ते पुरावा नसतं हो. मी परत आले आणि संग्रहातल्या सगळ्या ४१२ ओव्या पुन्हा काढल्या. मुराळी शब्द किंवा न्यायला येणारा भाऊ ३७ ओव्यांत होता, त्यातल्या २१ मध्ये तो अजून आलेला नाही. म्हणजे माझ्या म्हणण्यात दम होता, पण १६ मध्ये तो आलाय आणि बाई खूश आहे हे पण खरं होतं. मग धारूरकडच्या एका मावशींना जाऊन विचारलं, मावशी, ही वाट बघायची ओवी दुःखाची आहे का? त्या तांदूळ निवडत म्हणल्या, "तसं काय नसतंय बाई. चालीत बसतंय म्हणून म्हणायचं." मी गप्पच झाले. ते वाक्य मी प्रबंधात जसंच्या तसं घेतलं, माझ्या वाचनाच्या अगदी खाली, आणि गाईड सरांना पूर्ण चौथ्या प्रकरणात तेवढंच एक पान आवडलं असं त्यांनी दोनदा सांगितलं.

आपलं दुःख एकदा कामाला लागलं की ते सगळ्याच ओव्यांवर बसायला बघतं, जिथं तिथं मायच दिसायला लागते. म्हणून विरोधी पुरावा मुद्दाम शोधा आणि तो लपवू नका.

पायरी ५: "प्रस्तुत संशोधिका" सोडा

मराठी प्रबंधात "मी" लिहायला लोक जाम घाबरतात. माझा पहिला खर्डा हा असा होता, लाज वाटते पण देते: "संशोधन कार्य चालू असताना प्रस्तुत संशोधिकेच्या मातोश्रींचे दुःखद निधन झाल्याने संशोधिकेच्या हृदयावर आघात झाला, तथापि खचून न जाता तिने हे कार्य सिद्धीस नेले." हे कोण बोलतंय? शोकसभेतलं भाषण वाटतं. शेवटी पद्धतीच्या प्रकरणात गेलं ते असं:

"या संग्रहातील पहिल्या ६३ ओव्या माझ्या आईने गायल्या आहेत. संकलन चालू असताना तिचे निधन झाले. त्यानंतर मुराळीविषयक ओव्यांचे माझे वाचन बदलले. हा बदल कसा झाला आणि तो मी कसा तपासला, हे चौथ्या प्रकरणात दिले आहे. आईने गायलेल्या ओव्यांचा अर्थ तिला पुन्हा विचारता आला नाही, ही या अभ्यासाची मर्यादा आहे."

पाच वाक्यं, भावनेचं विशेषण एकही नाही. शेवटचं वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. "व्याप्ती आणि मर्यादा" हा भाग सगळे कॉपी-पेस्ट करतात, वेळेअभावी, निधीअभावी वगैरे, पण खरं दुःख बसायला प्रबंधात त्याच्याइतकी चांगली जागा मला दुसरी दिसली नाही.

गाईड "मी" ला नाहीच म्हणले तर भांडू नका, पुरावा न्या. इरावती कर्वे मोठ्या मानववंशशास्त्रज्ञ, त्यांनी वारीत चालताना आलेल्या अनुभवावर लिहिलं ते "मी" नं लिहिलं, आणि दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बाया वेगळ्या जेवतात हे बघून स्वतःला काय टोचलं ते पण लिहिलं. तरी ऐकलं नाही तर "मी" फक्त पद्धतीच्या प्रकरणात ठेवा आणि बाकी ठिकाणी कर्मणी प्रयोग. तेवढी तडजोड मी पण केली.

किल्लारीच्या भूकंपावर, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटेवर, पुनर्वसनाचा अभ्यास करणारा पोरगा त्याच पट्ट्यातला असेल, घरातली माणसं त्याच ढिगाऱ्याखाली गेलेली असतील, तर ते वाचकाला कळायला नको का? तो कुठल्या घरात विनाओळख गेला आणि कुठल्या घरात त्याला आधी कवटाळून रडले, यावर मुलाखतीत काय मिळणार ते ठरतं. ही माहिती आहे, भावना म्हणून वगळायची गोष्ट नाही.

पायरी ६: घरच्यांना वाचायला द्या, छापायच्या आधी

प्रबंध मंजूर झाला की तो शोधगंगा या प्रबंधांच्या वेबसाइटवर जातो आणि मग कुणीही, कधीही, जगात कुठूनही उघडू शकतं. गल्लीतला माणूस सुद्धा. म्हणून दुसऱ्याचं जे काही लिहिलंय ते त्या माणसाला आधी दाखवा.

मी चौथं प्रकरण भावाला पाठवलं आणि दोन दिवस फोनच नाही. तिसऱ्या दिवशी रात्री शिफ्ट संपवून त्याचा फोन, "म्हणजे मी न्यायला आलो नाही असं पुस्तकात लिहिलंस का तू?" मी म्हणलं तसं नाही रे. तर म्हणतो, "तसंच हाय. सगळं गाव वाचंल." त्याचं बरोबर होतं. मी माझं दुःख लिहिता लिहिता त्याला आरोपी करून टाकलं होतं आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मग दोघांनी फोनवरच वाक्य ठरवलं: "भाऊ नोकरीनिमित्त चाकणला असल्याने त्या वर्षी घर बंद होते." मुद्दा तोच राहिला आणि त्याची मान खाली गेली नाही. दवाखान्याच्या खर्चाचं आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचं मी एक पान लिहिलं होतं, ते वडलांनी एका वाक्यात काढायला लावलं, "ते आपलं आपल्यापाशी." काढलं.

मायचं नाव मात्र मी पूर्ण दिलं, गायिका म्हणून, गावासकट. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर या ओव्यांच्या अभ्यासकांनी लाखाच्या वर ओव्या गोळा करवल्या, त्यात आमच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या पण आहेत, आणि तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव असतं. "एक वृद्ध महिला, वय अंदाजे ६०" असलं मला मायबद्दल लिहायचंच नव्हतं.

बाकीच्या बायका दुःखाचं बोलल्या तेव्हा रेकॉर्डर बंद केला, आणि लगेच उठून आले नाही. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, मग निघाले. ज्या घरात तेरवी व्हायचीय तिथं प्रश्नावली घेऊन जायचं नाही, दुखवट्याला जायचं, प्रश्न नंतर कधीतरी.

पायरी ७: टायपिंगवाल्याला सांगून ठेवा

हे छोटं आहे पण माझा जीव यातच गेला. मायची रेकॉर्डिंग मी सगळ्यात शेवटी उतरवायला घेतली, एका वेळी २० मिनिटंच, आणि रात्री कधीच नाही. तरी एका फाईलीवर अडले ते अडलेच, म्हणून ती मैत्रिणीनं उतरवली. मग सगळं टायपिंगला दिलं आणि प्रिंट आली तर "मह्या भावाला" चं "माझ्या भावाला" झालेलं, "तुह्या" चं "तुझ्या". टायपिंगवाल्यानं प्रामाणिकपणे शुद्धलेखन सुधारून दिलं होतं! मी दुकानातच रडले, तो बिचारा घाबरून पैसेच घेईना. मग ६३ च्या ६३ ओव्या रेकॉर्डिंग ऐकत परत दुरुस्त केल्या. त्यामुळं आधीच कागदावर मोठ्ठं लिहून द्या: ओव्यांतला एकही शब्द सुधारायचा नाही.

ऋणनिर्देश दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत साम्य तपासताना प्रस्तावना आणि ऋणनिर्देश वगळतात, म्हणून लोक बिनधास्त उचलतात, पण आपल्या गेलेल्या माणसाबद्दल दुसऱ्याचं वाक्य कसं काय चालतं कुणाला?

पायरी ८: आशा कुठं लिहायची

शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना सकारात्मक शेवट पाहिजे असतो. मी पण लिहिलं होतं, "लोकसाहित्याचे हे दालन समृद्ध असून त्याचे भवितव्य उज्ज्वल आहे." खोटं होतं. गिरणी आली तेव्हाच जातं कोपऱ्यात गेलं, आता लग्नात हळद दळायला निघतं तेवढंच, आणि माझ्या २३ गायिकांपैकी तीन आता नाहीत.

मग मी ते वाक्य काढून "पुढील संशोधनास वाव" हा भाग, जो दोन ओळींचा असतो, तो चार पानांचा केला. कुठल्या गावात अजून कुणी गेलेलं नाही, कुठल्या मावशीला तीस-चाळीस ओव्या येतात पण त्या दिवशी घसा बसला होता, कुठली चाल मला ओळखता आली नाही, मावशींचं "चालीत बसतंय" हे म्हणणं कसं तपासता येईल. आपल्यानंतर कुणीतरी येणार आहे असं धरूनच हे लिहावं लागतं, आणि तेवढं धरता आलं की उज्ज्वल वगैरे शब्द लागत नाहीत. तुमच्या विषयात ही पानं कशी भरतील ते बघा, यादी बारीक करा, नावानिशी करा.

पायरी ९: व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा

बाहेरचे परीक्षक विचारणारच, "यात वस्तुनिष्ठता कुठंय?" उत्तर आधी पाठ करा, दोन वाक्यांचं: वाचन कुठून बदललं ते अमुक पानावर सांगितलंय, आणि ते कसं तपासलं, विरोधी मत कोणतं मिळालं, ते पुढच्या पानावर आहे. बास, मग गप्प बसा. आधी तीनदा तरी कुणापुढं तरी मोठ्यानं म्हणून बघा, पहिल्या वेळी आवाज फुटतो, तिसऱ्या वेळी जमतं. पाण्याची बाटली जवळ ठेवा. घरचे लोक मागं बसणार असतील तर त्यांच्याकडं बघून उत्तर देऊ नका, मी वडलांकडं बघितलं आणि पान नंबर विसरले.

एक राहिलं, परिशिष्ट. सगळ्या रेकॉर्डिंगचा तक्ता द्यावा लागतो, फाईल क्रमांक, गायिका, गाव, कालावधी, शेरा. मैत्रिणीनं उतरवलेली ती फाईल म्हणजे ४७ नंबरची, मायची शेवटची, त्यात ओवी अर्ध्यावर सोडून ती म्हणते, "थांब, सकाळपासून उपाशीच बसलीस," आणि पुढं नुसता भांड्यांचा आवाज. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं हे मी सरांना विचारलं, ते म्हणले, जे झालं ते लिही. तक्त्यात ते असं आहे: फाईल ४७, २ मिनिटे १० सेकंद, ओवी अपूर्ण, गायिका चहा टाकायला उठल्या.